खाऱ्या दर्यात गोडे पाणी

(सुट्टीत बेटावर जाण्याची मौज काही वेगळीच असते. रायगड जिल्ह्यात मुरूडजवळ समुद्रात जंजिरा नावाचे बेट आहे. तेथे कसे जावे, काय पाहावे, काय करावे आणि काय टाळावे, हे या पाठात सांगितले आहे. चारी बाजूंना खारे पाणी असताना तेथील माणसे पीत काय होती, हा प्रश्नही लेखकाने विचारला आहे.)

विद्यार्थी मित्रांनो, ठाणे जिल्ह्याच्या शहापूर तालुक्यात भातसानगर नावाची वसाहत आहे. तिच्या शेजारी भातसा नदीवर मोठे धरण आहे. या धरणाची उंची सुमारे ८८ मीटर आहे. पावसाळ्यात ते भरले की डोंगरांच्या मधोमध पाणीच पाणी दिसते. समजा, तुमची शाळा या भातसानगरात आहे आणि वार्षिक परीक्षा नुकतीच संपली आहे. सहलीला कुठे जायचे, असे गुरुजींनी विचारले आणि कोणीतरी मागच्या बाकावरून ओरडले, "बेटावर!"

बेट म्हटले की आपल्याला अंदमान, लक्षद्वीप किंवा मालदीव आठवते. निळे पाणी, पांढरी वाळू, नारळाची झाडे. पण तेथे जायला विमान लागते किंवा जहाज लागते. आपल्या खिशाला ते परवडणारे नाही. मग काय करायचे? नाराज होऊ नका. आपल्या महाराष्ट्राला लांबलचक समुद्रकिनारा लाभला आहे आणि त्याच्या जवळ अनेक लहान लहान बेटे आहेत. एस.टी.ने जाता येईल आणि पुढे शिडाच्या होडीने पोहोचता येईल, असे एक बेट आपण निवडू. त्याचे नाव जंजिरा.

हे नाव तुम्हांला ओळखीचे वाटले का? उर्दूत बेटाला काय म्हणतात ते आठवा. जझीरा! हा मूळ अरबी शब्द. तो समुद्रमार्गाने कोकणात आला आणि कोकणातल्या लोकांच्या तोंडी त्याचा 'जंजिरा' झाला. पुढे तर मराठीत पाण्यातल्या कोणत्याही किल्ल्याला जंजिरा म्हणू लागले. म्हणजे या बेटाचे नावच मुळी 'बेट' असे आहे. उर्दू शाळेतल्या मुलाला हे नाव कोणी समजावून सांगायला नको.

चला तर मग, निघू या. भातसानगरहून शहापूर, तेथून महामार्गाने भिवंडी किंवा कल्याणच्या बाजूने पनवेल, मग पेण, अलिबाग आणि मुरूड. प्रवास लांबचा आहे. पहाटे निघालात तर दुपारपर्यंत पोहोचाल. अलिबाग सोडले की रस्ता समुद्राच्या कडेकडेने जातो. एका बाजूला नारळ-सुपारीच्या वाड्या आणि दुसऱ्या बाजूला दर्या. गाडीत झोपू नका. खिडकीतून पाहत राहा.

येथे एक गंमत सांगतो. उर्दूत 'दरिया' म्हणजे नदी. मराठीत 'दर्या' म्हणजे समुद्र. तुमची भातसा नदी उर्दूत दरिया आहे, पण मराठीत तिला कोणी दर्या म्हणणार नाही. दोन्ही शब्द एकाच घरातले, पण त्यांचे अर्थ वेगळे झाले. अशी दुसरी गंमत 'बंदर' या शब्दाची. राजपुरी हे जंजिऱ्यासमोरचे गाव. तेथे पोहोचल्यावर गुरुजी म्हणतील, "बंदरावर सगळे रांगेत उभे राहा." तुम्ही माकड शोधत बसू नका! मराठीत बंदर म्हणजे जेथे होड्या लागतात ती जागा. उर्दूतल्या 'बंदरगाह' या शब्दात तोच अर्थ आहे.

राजपुरीच्या बंदरावरून शिडाच्या होड्या सुटतात. होडीच्या मध्यभागी उभी असते ती डोलकाठी. तिला बांधलेले मोठे कापड म्हणजे शीड. उर्दूत त्याला बादबान म्हणतात. होडी ज्याच्या हुकमाने चालते तो तांडेल. मागच्या बाजूला सुकाणू असते. ते फिरवले की होडी वळते. वारा असला तर इंजिनाची गरज नाही, धूर नाही, आवाज नाही. फक्त पाण्याची चुळुक चुळुक ऐकू येते. थोड्याच वेळात किल्ला जवळ येऊ लागतो. या वेळी होडीत उभे राहू नका, एकाच बाजूला सगळ्यांनी गर्दी करू नका आणि पाण्यात हात घालू नका. तांडेल सांगेल ते ऐका. जमिनीवर गुरुजी मोठे, पण होडीत तांडेल मोठा.

तांडेलाला एक प्रश्न जरूर विचारा, "काका, आज भरती किती वाजता आहे?" तो घड्याळ किंवा पंचांग न पाहता उत्तर देईल. समुद्राचे पाणी दिवसातून दोनदा चढते आणि दोनदा उतरते. चढते तेव्हा भरती, उतरते तेव्हा ओहोटी. भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे जाते. याचे कारण चंद्र. तुम्ही चाँद पाहून महिना मोजता, त्यामुळे हे तुम्हांला लवकर समजेल. नवा चाँद दिसतो त्या सुमारास आणि चौदावी-पंधरावीच्या पूर्ण चंद्राच्या सुमारास भरती सर्वांत मोठी असते. तिला उधाण म्हणतात. कोकणातला कोळी आणि ईदचा चाँद पाहणारा मुलगा, दोघेही एकाच आकाशाकडे पाहून हिशोब करतात.

आता किल्ला अगदी समोर आला. पण दरवाजा कुठे आहे? दूरून तो ओळखूच येत नाही. दोन बुरुजांच्या मध्ये तो असा लपवला आहे की होडी जवळ गेल्याशिवाय दिसत नाही. शत्रूची फसगत व्हावी म्हणून ही युक्ती. दरवाज्याजवळ भिंतीवर एक चित्र कोरले आहे. वाघासारख्या एका पशूने पंजात, शेपटीत आणि तोंडात हत्ती पकडले आहेत. हत्ती त्याच्यापुढे उंदराएवढे दिसतात. किती हत्ती आहेत ते स्वतः मोजा.

आत शिरल्यावर आधी तटावर चढा. तटाला १९ बुरूज आहेत. बुरूज हा शब्द तुमचा 'बुर्ज'च. बुरुजांवर जुन्या तोफा पडलेल्या आहेत. त्यांतल्या मोठ्या तोफांना नावे आहेत : कलालबांगडी, चावरी आणि लांडा कासम. उन्हातही कलालबांगडी तापत नाही, असे गावातले वाटाडे सांगतात. खरे की खोटे? वाद घालू नका. हळूच हात लावून पाहा आणि तुमचे उत्तर वहीत लिहा. ऐकलेली गोष्ट तपासून पाहणे हाही सहलीचाच भाग आहे.

किल्ल्याच्या मागच्या बाजूला, खुल्या समुद्राकडे, एक लहान दरवाजा आहे. त्याचे नाव दर्या दरवाजा. संकटाच्या वेळी बाहेर पडण्यासाठी तो ठेवला होता. तेथे उभे राहिलात की पश्चिमेचा वारा तोंडावर येतो. समुद्रात थोड्या अंतरावर आणखी एक किल्ला दिसतो. तो पद्मदुर्ग. जंजिऱ्याला शह देण्यासाठी शिवाजी महाराजांच्या काळात तो बांधला गेला.

या किल्ल्याचा इतिहास थोडक्यात सांगतो. पंधराव्या शतकात येथे कोळी लोकांनी लाकडी मेढेकोट उभारला होता. पुढे तो अहमदनगरच्या निजामशाहीच्या ताब्यात गेला. सोळाव्या शतकात लाकडाच्या जागी दगडी किल्ला बांधला गेला. नंतर सिद्दी लोक येथले सत्ताधीश झाले. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतील हबसाण म्हणजे आजच्या इथिओपियाच्या बाजूने आले होते. ते कुशल दर्यावर्दी होते. शिवाजी महाराजांनी हा किल्ला घेण्याचे प्रयत्न केले. संभाजी महाराजांनी १६८२ साली वेढा घातला आणि किनाऱ्यापासून बेटापर्यंत समुद्रात दगडांचा रस्ता बांधायला घेतला. पण किल्ला पडला नाही. १९४८ साली जंजिरा संस्थान भारतात विलीन झाले. त्यानंतरही काही वर्षे किल्ल्यात वस्ती होती. मग लोक हळूहळू राजपुरीला आणि मुरूडला राहायला गेले. आज आत वाड्यांच्या भिंती, मशीद आणि रिकाम्या गल्ल्या उरल्या आहेत.

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. किल्ला पडला नाही, कारण तट मजबूत होता, तोफा मोठ्या होत्या आणि आरमार चांगले होते. हे सर्व खरे आहे. पण तोफ कितीही मोठी असली, तरी ती चालवणाऱ्याला तहान लागतेच. वेढा पडला आणि आत प्यायला पाणी नसले, तर किल्ला किती दिवस टिकेल? समुद्राचे पाणी पिता येत नाही. ते प्यायले तर तहान उलट वाढते. मग जंजिऱ्यातली माणसे काय पीत होती?

उत्तर किल्ल्याच्या मध्यभागी आहे. तेथे दगडांनी बांधलेले दोन मोठे तलाव आहेत आणि त्यांचे पाणी गोडे आहे. चहूकडे खारा दर्या आणि मधोमध गोडे पाणी! पाहणाऱ्याला हा चमत्कार वाटतो. पण त्यामागचा हिशोब सोपा आहे. बेटाचे क्षेत्रफळ सुमारे २२ एकर, म्हणजे जवळजवळ ८९,००० चौरस मीटर. कोकणात पावसाच्या चार महिन्यांत दोन मीटरहून जास्त पाऊस पडतो. आता गुणाकार करा. एवढ्याशा बेटावर दरवर्षी सुमारे १८ कोटी लिटर पाणी आकाशातून पडते. त्यातले पुष्कळ वाहून समुद्रात जाते. काही खडकाच्या भेगांत मुरते. उरलेले अडवायचे आणि तलावात साठवायचे, एवढेच माणसाचे काम. ज्यांनी तट बांधला, त्यांनी हे काम तेवढ्याच मनापासून केले. आज त्या तलावांत शेवाळ आहे. ते पाणी पिऊ नका आणि त्यात काही टाकू नका. आपली बाटली आपण घेऊन या आणि रिकामी झाली की परत घेऊन जा.

येथे भाषेची तिसरी गंमत आहे आणि ती नीट लक्षात ठेवा, नाहीतर फजिती होईल. उर्दूत 'मीठा पानी' म्हणजे पिण्याचे पाणी. मराठीत 'मीठ' म्हणजे नमक! मुरूडच्या एखाद्या घरी जाऊन तुम्ही "मिठाचे पाणी द्या" असे म्हणालात, तर त्या घरच्या मावशी तुमच्याकडे पाहतच राहतील. त्यांना वाटेल, मुलाचा घसा दुखतो आहे आणि त्याला गुळण्या करायच्या आहेत. म्हणून मराठीत 'गोडे पाणी' म्हणा, किंवा नुसते 'प्यायला पाणी द्या' म्हणा. कोकणात पाण्याला कोणी नाही म्हणत नाही. पाण्याबरोबर गुळाचा खडा मिळाला तर तोही घ्या.

जंजिऱ्यातच असे आहे असे नाही. सिंधुदुर्ग जिल्ह्यात मालवणजवळ कुरटे नावाचे बेट आहे. तेथे शिवाजी महाराजांनी १६६४ साली सिंधुदुर्ग किल्ला बांधायला घेतला. त्या किल्ल्यात गोड्या पाण्याच्या तीन विहिरी आहेत. त्यांची नावे ऐका : दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव. बाव म्हणजे विहीर. खाऱ्या पाण्यात राहणाऱ्या माणसाला गोडे पाणी दूध-साखरेसारखे वाटले, म्हणून त्याने अशी नावे ठेवली. सिंधुदुर्ग किल्ल्याचे नाव २०२५ साली जागतिक वारशाच्या यादीत आले. मुंबईजवळच्या घारापुरी बेटावरची लेणी १९८७ सालीच त्या यादीत आली होती. तेथेही लेण्यांच्या शेजारी खडकात कोरलेले पाण्याचे टाके आहे. आधी पाण्याची सोय आणि मग बाकीचे सारे, अशी त्या काळच्या लोकांची रीत होती.

आजच्या काळात यंत्रे आली आहेत. लक्षद्वीपमधील कवरत्ती बेटावर २००५ साली समुद्राच्या पाण्यापासून गोडे पाणी तयार करणारा प्रकल्प सुरू झाला. पण केवळ यंत्रावर विसंबणे धोक्याचे असते. मालदीवची राजधानी माले हे शहर असेच समुद्राचे पाणी गोडे करून पिते. डिसेंबर २०१४ मध्ये तेथील पाण्याच्या कारखान्यात आग लागली आणि साऱ्या शहराचे नळ कोरडे पडले. तेव्हा भारताने विमानांनी आणि जहाजांनी तेथे पिण्याचे पाणी पाठवले. जगभरचे प्रवासी ज्या बेटांची चित्रे भिंतीवर लावतात, त्या बेटांवर असा दिवस आला होता. निळा समुद्र डोळ्यांची तहान भागवतो, घशाची नाही.

जंजिरा पाहून झाला की दुसरा दिवस किनाऱ्यावरच्या गोष्टींसाठी ठेवा. राजपुरीजवळ खोकरी येथे सिद्दी सत्ताधीशांच्या तीन मोठ्या दगडी कबरी आहेत. त्यांच्या भिंतींवर सुंदर नक्षी आहे आणि अरबी शिलालेख आहेत. इतर मुले तेथे फक्त पाहतील, पण तुम्ही ती अक्षरे ओळखू शकाल. मराठी शाळेतले कोणी मुले-मुली भेटली तर त्यांना ती अक्षरे दाखवा. त्यांच्याकडून त्यांच्या गावच्या झाडांची आणि माशांची नावे शिकून घ्या. हा व्यवहार दोघांच्याही फायद्याचा आहे.

मुरूडला येताना वाटेत फणसाडचे अभयारण्य लागते. पूर्वी हे जंजिऱ्याच्या नवाबांचे शिकारीचे रान होते. १९८६ साली ते अभयारण्य झाले. ज्या जंगलात बंदुकीचा आवाज होत असे, तेथे आता शेकरू निर्भयपणे उड्या मारते. शेकरू म्हणजे मोठी खार. ती महाराष्ट्राची राज्यप्राणी आहे. या जंगलात पाण्याच्या जागांना 'गाण' म्हणतात. उन्हाळ्यात प्राणी गाणीवर पाणी प्यायला येतात. मुरूडजवळ गारंबीचे जुने धरणही आहे. संस्थानाच्या काळात मुरूड गावाला पाणी मिळावे म्हणून ते बांधले. भातसानगरच्या मुलांनी ते अवश्य पाहावे. आपल्या मोठ्या धरणाचा हा धाकटा, पण वयाने मोठा भाऊ आहे.

संध्याकाळी मुरूडच्या वाळूवर खेळा. किल्ले बांधा, शिंपले गोळा करा, शहाळ्याचे पाणी प्या, सूर्य बुडताना पाहा. पण समुद्रात उतरण्याआधी गावातल्या माणसांना विचारा. ओहोटीचे पाणी पाय ओढून आत नेते आणि ते वरून दिसत नाही. २०१६ साली सहलीला आलेले अनेक विद्यार्थी याच किनाऱ्यावर बुडाले. त्यांच्या घरी ती सहल कधीच संपली नाही. तुम्ही नदीत पोहायला शिकला असाल, पण दरिया वेगळा आणि दर्या वेगळा, हे येथे जिवाशी गाठ घालून आठवा. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. जून ते ऑगस्ट या महिन्यांत समुद्र खवळलेला असतो आणि होड्या बंद असतात. म्हणून सहल दिवाळीनंतर किंवा उन्हाळ्याच्या सुट्टीत काढा.

आता परत फिरू. एस.टी. शहापूरच्या घाटाकडे वळली की पुन्हा आपले डोंगर दिसू लागतील. भातसाचे पाणी नदीतून पिसे येथे जाते, तेथून ते उचलले जाते आणि शुद्ध होऊन मुंबईला पोहोचते. मुंबईच्या पाण्यातला सुमारे निम्मा भाग एकटे भातसा देते. १८९२ साली पूर्ण झालेले तानसा धरणही याच शहापूर तालुक्यातले. एवढ्या मोठ्या शहराची तहान भागवणारा हा तालुका आहे. पण याच तालुक्यातल्या कितीतरी पाड्यांवर उन्हाळ्यात विहिरी आटतात. बायामुली डोक्यावर हंडे घेऊन डोंगर चढतात आणि टँकरची वाट पाहत बसतात. धरण खाली आणि पाडे वर. पाणी दिसते, पण घरापर्यंत येत नाही.

मग जंजिरा आणि आपला पाडा यांत काय फरक राहिला? जंजिऱ्याच्या चारी बाजूंना पिता न येणारे पाणी होते. आपल्या पाड्यावरून डोळ्यांना दिसणारे पण हाती न येणारे पाणी आहे. जंजिऱ्यातल्या लोकांनी दर्याकडे पाहून उसासे टाकले नाहीत. त्यांनी आकाशाकडे पाहिले आणि पावसाचे पाणी अडवले.

आपणही हिशोब करू. समजा, एका घराचे छप्पर पाच मीटर रुंद आणि सहा मीटर लांब आहे. म्हणजे ३० चौरस मीटर. दोन मीटर पाऊस धरला, तर एका पावसाळ्यात त्या छपरावर ६०,००० लिटर पाणी पडते. पाच माणसांच्या घराला पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी रोज १०० लिटर पाणी धरू. छपरावरच्या पाण्यातला फक्त तिसरा हिस्सा, म्हणजे २०,००० लिटर, झाकलेल्या टाक्यात साठवला, तर तो २०० दिवस पुरेल. पावसाळा संपल्यापासून जवळजवळ पुढच्या उन्हाळ्याच्या मध्यापर्यंत! टाके बांधायला पैसे लागतात, हे खरे. ते काम एकट्या घराचे नाही. ग्रामपंचायतीने आणि सरकारने त्याला हात लावला पाहिजे. धरणाच्या पाण्यातला वाटा मागणे हाही पाड्यांचा हक्क आहे. पण ग्रामसभेत मागणी करायची तर असा हिशोब हातात असावा लागतो, आणि तो हिशोब तुम्हांला आता येतो.

मित्रांनो, सहलीहून येताना कोणी शिंपले आणतात, कोणी सुपारी आणतात, कोणी फोटो आणतात. तेही आणा. त्याबरोबर ते दोन तलाव मनात घेऊन या. पहिला पाऊस पडेल तेव्हा छपराच्या पन्हळीखाली एक हंडा ठेवा. तो किती वेळात भरतो ते पाहा आणि घरच्यांना दाखवा.

शब्दार्थ

गोडे पाणी – पिण्यायोग्य पाणी (उर्दूत मीठा पानी). मीठ – नमक. दर्या – समुद्र. शीड – बादबान. तांडेल – होडीचा प्रमुख. सुकाणू – होडी वळवण्याचे साधन. उधाण – समुद्राची मोठी भरती. मेढेकोट – लाकडी खांबांचा किल्ला. दर्यावर्दी – समुद्रावर फिरणारे, नाविक. शेवाळ – पाण्यावर वाढणारी हिरवी वनस्पती. शहाळे – कोवळा नारळ. पाडा – लहान वस्ती. पन्हळ – छपराचे पाणी वाहून नेणारी नळी.

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) जंजिरा हा शब्द कोणत्या शब्दापासून आला?
(आ) सिंधुदुर्ग किल्ल्यातील तीन विहिरींची नावे कोणती?
(इ) फणसाडच्या जंगलात पाण्याच्या जागेला काय म्हणतात?
(ई) जून ते ऑगस्ट या काळात जंजिऱ्याला का जाता येत नाही?

प्र. २. चार-पाच वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) जंजिऱ्यात गोडे पाणी कसे साठवले जात असे?
(आ) माले शहरात २०१४ साली काय घडले? त्यावरून कोणता बोध मिळतो?
(इ) 'पाणी दिसते, पण घरापर्यंत येत नाही,' असे लेखकाने का म्हटले आहे?

प्र. ३. पुढील शब्दांचे मराठीतील आणि उर्दूतील अर्थ लिहा व प्रत्येकाचा मराठी वाक्यात उपयोग करा.
दर्या, बंदर, मीठ.

प्र. ४. कंसातील योग्य शब्द निवडून रिकाम्या जागा भरा. (तांडेल, उधाण, बुरूज)
(अ) पूर्ण चंद्राच्या सुमारास समुद्राला ...... येते.
(आ) जंजिऱ्याच्या तटाला १९ ...... आहेत.
(इ) होडीत ...... सांगेल ते ऐकावे.

उपक्रम : तुमच्या घराच्या किंवा शाळेच्या छपराची लांबी-रुंदी मोजा. एका पावसाळ्यात त्यावर किती लिटर पाणी पडते, याचा हिशोब वर्गात मांडा.